एका तासाचं विमान

नागपूर, ४ एप्रिल

ती. ताईस रामचा सा. न. वि. वि.

अनुपमाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. तुम्हाला साखरखेर्ड्यात साधं कार्यालय मिळू नये, भर उन्हात मांडव टाकावा लागावा, याचं नवल नाही. तुमच्याकडे असंच चालायचं. मी तिचा एकुलता एक सख्खा मामा, तेव्हा येणारच. फक्त कडूबाला सांग, त्याची खटारा जीप घेऊन मला न्यायला येऊ नको. चुलतभाऊ असला म्हणून मी हाडं खिळखिळी करून घेणार नाही. एसटीचं तर नावच नको. लग्नाच्या दिवशी सकाळी विमानाने निघेन. नागपूर ते औरंगाबाद हवेत जेमतेम एक तास.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा राम

साखरखेर्डा, १० एप्रिल

चि. राम यास अ. उ. आ.

फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहिते. जरा नकाशा बघ. औरंगाबादला जाताना आपलं गाव वाटेतच आहे. म्हणजे तू आमच्या डोक्यावरून पुढे जाणार, तिथे उतरणार, बॅगेची वाट बघणार आणि गाडी करून पुन्हा उलटा येणार. आपली म्हैससुद्धा घर आलं की थांबायची. कडूबा म्हणतो, रामभाऊले मी आदल्या दिवशीच घेऊन येतो, टायर नवे टाकले म्हणा.

मुहूर्त साडेबाराचा आहे. मामाचा हात धरून मांडवात यायचं, ही अनुपमाची लहानपणापासूनची हौस. जीपची लाज वाटत असेल तर पडदा लावून बस, पण ये.

तुझी ताई

नागपूर, २३ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा नवरी सासरी गेलेली, मांडववाले दोऱ्या सोडत होते आणि तू पाठ फिरवून आत निघून गेलीस. चार लोकांत हे शोभलं नाही. विमान सुटायलाच उशीर झाला, त्यात माझा काय दोष? हवेत तासच लागला. तुमचा मुहूर्त थोडा पुढे सरकला असता तर काय बिघडलं असतं? अनुपमाचा फोन लागत नाही. तिला सांग, मामा रागावलेला नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

राम

साखरखेर्डा, ३० एप्रिल

चि. राम यास आशीर्वाद. या वेळी एकच.

तुझा हवेतला तास आम्ही बघितला. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं, असं माइकवरून तीनदा पुकारलं. भटजी घड्याळ दाखवू लागले. तेवढ्यात वरून विमान गेलं. अनुपमाने बाशिंग सांभाळत मान वर केली आणि म्हणाली, आई, मामा तं वरतूनच चालले वो. सगळे हसले, तीही हसली. मग तिचं काजळ ओघळायला लागलं आणि मला तुझा असा तिटकारा आला की काय लिहू.

कडूबा पंगतीसाठी पाण्याचे ड्रम उतरवत होता. तिनेच त्याला हाक मारली. तो तसाच ओल्या पायांनी आला, शर्टाला हात पुसले, तिला मांडवात आणलं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मागे उभा राहिला. सारखा फाटकाकडे बघत होता, तू येऊन त्याला बाजूला करशील म्हणून. मी मनात म्हणत होते, आता नकोच येऊस.

तू रागावलेला नाहीस हे तिला कळवलं. दिवाळीला तिला माहेरी आणायला मामा जाणार आहे, म्हणजे कडूबा.

तुला यायचं तर मेहकरपर्यंत एसटी आहे. पुढे कडूबाची जीप. लोभ हवा असेल तर तिच्यात बस.

ताई