पश्चिमेची जागा

डोंबिवली पश्चिम,
१७ एप्रिल

तीर्थरूप दौलतदादांस,

घाम पुसून रतनचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? एसी लावल्यावर वहिनी अजून शाल घेतात का? नौपाड्याला तुमच्या घरी मी दोनदा जेवलो. दोन्ही वेळा वहिनी शालीत, तुम्ही बनियनवर, मध्ये वरणाचं पातेलं. एका टेबलाशी दोन ऋतू. आमच्याकडे टेबल नाही, बाकी तसंच आहे. पत्र पाहून दचकू नका, काळजीचं काही नाही. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवरच चालतो आणि तुळसा त्याच्या शेजारी बसलेली असते. शिवाय आभार मानायचे आहेत, ते लेखी बरे.

निफाडला थंडी पडली की तिथला पारा वर्तमानपत्रात छापून येतो. तिथल्या कॉलेजात मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्या आकड्याचा मला अभिमान होता, जणू तो मीच खाली आणला होता. तुळसा राजापूरची. ती दसऱ्याला स्वेटर घालायची तो होळीला काढायची. मी याला तिचा स्वभाव समजत होतो. गेल्या डिसेंबरात तिचे सांधे इतके धरले की पलंगावरून उठायला माझा हात लागू लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण गाव बदला. तेव्हा मी तुम्हाला फोन केला. तिकडे भाड्याची जागा बघा, कुठेही चालेल, माझी एकच अट. मला वारा लागतो. पश्चिमेची जागा हवी. (खाडीचा वारा पश्चिमेकडून येतो हे मी नकाशात पाहून ठेवलं होतं.)

तुम्ही ती अट अक्षरशः पाळलीत. पूर्वेला चार चांगल्या जागा मिळत होत्या, एक बागेसमोरची, एक लिफ्टची. तुम्ही चारही सोडल्यात, कारण रतनला पश्चिमच हवी. भावासाठी इतकं कोण करतं? सामानाचा टेम्पो सकाळी पोचला. मी हॉलच्या खिडकीशी गेलो तर समोर सूर्य वर येत होता. बेडरूममध्ये गेलो, तिथेही तोच. स्वयंपाकघरात तर तो ओट्यावर आला होता. अख्ख्या डोंबिवली पश्चिमेत इतकी पूर्वेची जागा दुसरी नसेल. खाली घरमालक काळुराम खुर्ची टाकून बसले होते. ही इमारत आहे तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती, तेव्हा दिशा त्यांना माहीत असणार म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, पश्चिम ती टेशनाची. सूर्याची येगली." म्हणजे रुळांच्या या बाजूला ते पश्चिम, त्या बाजूला ते पूर्व, आणि सूर्याने त्याचं त्याचं बघावं. यात खुलासा करण्यासारखं काही आहे हे इथल्या माणसाला सुचत नाही. चाळीस वर्षं ठाण्यात काढलेल्या तुम्हालाही सुचलं नाही. चूक माझीच. जन्मभर मुलांना शब्द नेमका वापरा म्हणून सांगितलं, आणि स्वतः फोनवर एवढा सैल बोललो.

मार्च लागला तसा मी घरात वारा शोधू लागलो. उदबत्ती पेटवून खोलीखोलीत उभा राहिलो. धूर सरळ वर जात होता. (तुळसाला वाटलं, निवृत्तीनंतर देवाकडे वळलो.) वारा शेवटी जिन्यात सापडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये सिमेंटची जाळी आहे, ती सूर्याच्या पश्चिमेला. चारनंतर तिथे घडीची खुर्ची टाकून मी पुस्तक घेऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी लोक नमस्कार करून पुढे गेले. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या समृद्धीने चहा आणून दिला आणि कपासाठी थांबल्यासारखं करून हळूच विचारलं, "काका, काकू दार उघडत नाहीत का?" मी म्हणालो, उघडते, पण आत वारा नाही. "संसारात असं होतंच हो," ती म्हणाली. (तिच्या लग्नाला आठ महिने झाले आहेत.) दहाव्या दिवशी काळुराम धापा टाकत जिना चढून आले. "मास्तर, झाला ता झाला. माफी मांगून टाका." मी विचारलं, कशाची? "ता आपण इचारायचा नसतं." मग त्यांनी मला दंडाला धरून दारापर्यंत आणलं, बेल दाबली, आणि तुळसाने दार उघडताच माझ्या वतीने माफी मागून टाकली.

तुळसा भिंतीला टेकून हसली. काळुराम गेल्यावर तिने दार लावलं आणि विचारलं, "किती दिवस बसताय तिथे?" मी म्हणालो, दहा. त्यानंतर ती हसली नाही. तिने तुम्हाला फोन लावला, आणि तुमच्या पश्चिमेची हकिगत ती सांगत असताना या दोन खोल्यांत मला लपायला जागा नव्हती. तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. आठ दिवसांत वर्तकनगरची जागा शोधलीत. हॉलमधून सूर्य मावळताना दिसतो याचा पुरावा म्हणून फोटोही पाठवलात. रविवारी ती दाखवायला तुम्ही स्वतः येणार. यासाठीही आभार.

आता या चुकलेल्या जागेविषयी. सकाळी सातला हॉलमध्ये उन्हाचा एक चौकोन पडतो. तुळसा त्यात चटई टाकून बसते. (एप्रिलमध्ये, डोंबिवलीत, स्वखुशीने.) चौकोन सरकतो तशी ती सरकते. तिचा पेपर, चहा, तांदूळ निवडणं, सगळं त्याच्यात. साडेनऊला तो खिडकीशी येऊन संपतो. परवा ती चटईवरून एकटी उठली. मी सवयीने हात पुढे केला होता. तो तिला दिसलाही नाही, ती कपबशी घेऊन आत गेली. मी थोडा वेळ हात तसाच धरून उभा होतो. मग त्याच हाताने खिडकीची काच पुसली.

चौतीस वर्षं मी म्हणत आलो, आम्हाला निफाडची हवा मानवते. व्याकरण चुकलं होतं. तिथे एकवचन हवं होतं.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
रतन

ता. क. रविवारी जरूर या. पण आल्याआल्या, पाणी पिण्याच्या आधी, वर्तकनगरची जागा गेली असं तुळसाला सांगा. त्या जागेला सकाळचं ऊन नाही, हे तिला फोटोवरूनच कळलं आहे, तरी तिने बरण्या बांधायला घेतल्या आहेत. मी नको म्हटलं तर म्हणते, "इतके दिवस माझ्या मनासारखं झालं, आता तुमची पाळी." आजवर इतकं केलंत, आता माझं हे एक काम करा. तुमचं ती ऐकते.

ता. क. दुसरी बघतो, असं चुकूनही म्हणू नका. तुम्ही बघाल.

ता. क. पत्र टाकायला जाताना काळुराम मला बघणार, म्हणजे तुळसाला कळणार. रतनने काय लिहिलं होतं, असं ती विचारील. आभार मानले होते, म्हणा. तिला ते खरं वाटायचं नाही. पण ते खरं आहे.