अंगणाचा ढाळ

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सध्या माझ्या हातांना शाईपेक्षा चिखल जास्त लागलेला असतो. या वर्षी मी बालवर्ग शाळेच्या मागच्या अंगणात भरवते. सव्वीस मुलं, सगळी चारेक वर्षांची, आणि एक नळ. सकाळी तासभर नुसता धुमाकूळ. कुणी विटांच्या तुकड्यांवर दवाखाना उघडतं, कुणी मातीचे गोळे पानांत गुंडाळून झोपवतं. त्यांतल्या एका पोरीला मी मुकादम म्हणते. स्वतः काडी हलवणार नाही, पण अख्खं अंगण तिच्या हुकमावर चालतं. हीच पोर वर्गात कोपऱ्यात तोंड लपवून बसायची.

आता काळजीचं. शाळेच्या कमिटीच्या मनात अंगणात फरशी घालायचं आहे. कपडे मळतात, नखांत माती जाते, अशा पालकांच्या तक्रारी. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत, डाग दिसला की त्यांना तो खरवडायचंच सुचतं. फरशी झाली की बाहेरचा वर्ग बंद आणि मुलं पुन्हा चार भिंतींत. सतरा तारखेला पाहणी आहे. त्या दिवशी त्यांना पटवता आलं नाही, तर मी सरळ राजीनामा देणार. त्यात सख्खा भाऊ फरशीवाला, म्हणजे घरातच फितुरी!

वहिनीला नमस्कार. फरशीवर करतोस त्याहून चिमूटभर जास्त माया माझ्यावर कर, एवढंच मागणं.

तुझी छकुली


९ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फितूर तर फितूर. उभा जन्म फरश्या घालण्यात गेला, फरशीविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. चांगली बसलेली फरशी दिसली की मी अजून चपला काढून चालतो. तुझी वहिनी मात्र तुझ्या बाजूची. ती म्हणाली, फरशीवर पोरं उकरणार काय, कपाळ? त्यावर मी चहा पीत बसलो.

राजीनाम्याची भाषा सोड. लहानपणीही आऊट झालीस की डाव मोडून घरी यायचीस. आता पन्नाशीला आलीस, जरा दम धर.

सोबत माझी लेव्हलची नळी पाठवतोय. वीसेक हात लांब, आरपार दिसणारी. तिच्यात पाणी भरायचं आणि दोघांनी दोन टोकं धरायची. टोकं कितीही लांब असोत, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं, त्यावरून कुठली जमीन उंच आणि कुठली खोल ते कळतं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी कामं घेत नाही, नळी खुंटीवर लोंबकळत होती. पोरांना खेळायला होईल. तोडली तरी मी विचारणार नाही.

तब्येतीला जप, आणि भांडायचंच असेल तर पोटभर जेवून भांड.

तुझा दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, हरले. आणि हरले ते माझ्याच हातानं.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी अंगण झाडून लखलखीत केलं. विटा रचून ठेवल्या, बादल्या आणि तुझी नळी कपाटात कोंबली, मुलांना इस्त्रीचे कपडे घालून पाठवायला सांगितलं. आपल्या घरची खोडच ती. पाहुणे यायचे म्हटलं की आई खेळणी काय, आपल्या दोघांनाही आवरून ठेवायची. मग व्हायचं तेच झालं. मुलं रांगेत उभी राहिली आणि जागची हलली नाहीत. मुकादम माझ्या ओढणीमागे लपली. इथे मुलं नक्की काय शिकतात, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा मी अकरा पानी अहवाल पुढे केला. त्यांनी तो न उघडता बगलेत मारला. एक मार्चला फरशीचं काम सुरू. मी राजीनामा लिहून ठेवलाय.

वाईट याचं वाटतं की तुझ्या नळीनं अंगणाला नुसतं वेड लावलं होतं. मुलं ती काठोकाठ भरतात, दोघं दोन टोकं पोटाशी धरतात आणि कोण भिजतं ते सगळे बघतात. मुकादम आधी दोघांना पाठीला पाठ लावून उभं करते. उंची सारखी नसेल तर म्हणे ती लबाडी. गटारापाशी उभा राहणारा कोरडा राहतो आणि वर्गाच्या दारापाशी उभा राहणारा दर वेळी भिजतो. भिजल्याच्या रेघा भिंतीवर कोळशानं ओढल्यात. दाराच्या बाजूला तेवीस, गटाराच्या बाजूला एकही नाही. हे सगळं आता बंद होणार.

तुझ्या धाकटीला समजून घे, दुसरं काही सुचत नाही.

छकुली


२१ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि शेवट पुन्हा एकदा वाचला. अगं, खरी बातमी रडगाण्याच्या शेपटाला बांधून पाठवलीस! दारापाशी भिजतो, याचा अर्थ दार खोल आणि गटार उंच. आज माती पाणी पिऊन टाकते म्हणून कुणाला कळत नाही. फरशी घाला, सगळं पाणी थेट तुझ्या वर्गात शिरेल. गटाराकडे ढाळ काढायचा, तर दारापाशी एवढा भराव लागेल की उंबरा गाडला जाईल. हा ढाळ मोजला कुणी? नजरेनं मोजला असणार. आमच्या धंद्यात असल्याला हातात थापी देत नाहीत.

अध्यक्षांना आणि फरशी घालणाऱ्या ठेकेदाराला लगेच बोलाव. अंगण झाडलंस तर गाठ माझ्याशी आहे. तू तोंडाला कुलूप लाव, नळी पोरांच्या हातात दे. अहवाल बंबात घाल.

काय होतं ते ताबडतोब कळव, इथे घास उतरायचा नाही.

दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

काल अध्यक्ष आले, पांढरी पँट घालून आणि कपाळाला आठ्या घालून. ठेकेदारही आला. अंगणात नेहमीचा राडा होता आणि मी तोंड शिवून बसले होते. मुकादमानं दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं की काका, तुम्ही दोघं सारखे नाही, मांडी घालून बसा. आणि दादा, ते बसले! चिखलात! अध्यक्ष दारापाशी, ठेकेदार गटारापाशी. मुलांनी नळी भरली. पाण्यानं अध्यक्षांची मांडी भिजवली. ते ताडकन उठले, जागा बदलली, तर ठेकेदार भिजला. तीन वेळा अदलाबदल केली. शेवटी ठेकेदारानं मान खाली घालून कबूल केलं की ढाळ नजरेनं धरला होता.

अध्यक्ष भिंतीवरच्या रेघा बराच वेळ मोजत राहिले. मग मुकादमापाशी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कुणी? ती म्हणाली, कुणी नाही, आम्ही भिजलो.

ते हसले, दादा. सगळे दात दाखवून हसले. फरशी रद्द. अंगण मातीचंच राहणार. एवढंच नाही, बाहेरचा तास आता वेळापत्रकात रोजचा आणि मोठ्या शिशूलाही लागू. ज्या आईनं सर्वांत मोठी तक्रार केली होती, तिनं आज डब्याबरोबर जुन्या कपड्यांचा जोड पाठवला. माझा राजीनामा मुलांनी लगद्यासाठी भिजत घातलाय.

आता ऐक. नळी कुणाची, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी तुला महिनाभर शिकवायला बोलावलंय, शिक्षक म्हणून. नाही म्हणू नकोस. तू चौथीतून उठून आपल्या बापूंबरोबर फरशीच्या कामावर गेलास म्हणून मी शाळेत बसले. हे मी कधी बोलले नाही. आज लिहितेय आणि अक्षर पुसट होतंय, समजून घे.

वहिनीसकट ये. तुम्हा दोघांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

छकुली


१ मार्च

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं दोनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा मी वाचायला घेतलं, पण जमलं नाही. डोळ्यांत काही गेलं नव्हतं, खोटं कशाला सांगू, रडलो. मग बाहेर पडलो आणि गल्लीतल्या वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून आलो की माझ्या बहिणीनं अंगण राखलं.

येतोय. सोमवारी सकाळी पोचू. सदरा शिवायला टाकलाय, वहिनी म्हणते मास्तर मळके चालत नाहीत. पन्नास वर्षांनी शाळेत पाऊल टाकतोय, उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं केलंस तरी माझी तक्रार नाही. तुझा वर्ग बाहेरच तर भरतो!

तुझा दादा