परक्यांची अंथरुणं

कोथरूड, पुणे
२८ डिसेंबर २०१६

चि. सौ. मंजुषा हिस अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद हातात घेतला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एवढं लांब पत्र कुणाला लिहिलेलं नाही. पत्ता तुझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या विनयने दिला नाही, तुझ्या मुलाने दिला, आणि तोही खोदून खोदून विचारल्यावर.

विनयने सांगितलं तेव्हा मला वाटलं, मैत्रिणींबरोबर बर्फ बघायला गेली असशील. मग तो म्हणाला, बघायला नाही, नोकरीला. स्कीइंगला येणाऱ्या लोकांसाठी डोंगरात कसलंसं लाकडी घर असतं, शॅले म्हणतात त्याला. तिथे राहून तू त्यांचा नाश्ता करणार, खोल्या झाडणार, अंथरुणं घालणार, तेही मार्च संपेपर्यंत! चोपन्नाव्या वर्षी ही अवदसा कुठून आठवली तुला? नवरा त्सुकुबात एवढा शास्त्रज्ञ, मुलगा टोकियोत बँकेत. सोसायटीतल्या बायका विचारतात, वहिनी हल्ली काय करतात? परक्यांची अंथरुणं घालते म्हणून सांगू?

विनय रोज दुकानातला थंड भाताचा गोळा खाऊन कामाला जातो. तक्रार करत नाही, पण आवाज उतरलाय त्याचा. तुमचं मार्चमध्ये कायमचं परत यायचं ठरलंय. वरच्या फ्लॅटला रंग देऊन झालाय. नाना रोज विचारतात, मंजू कधी येणार? अर्धांगाच्या झटक्यापासून कधी कधी त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, तुझं आठवतं. निदान त्यांच्याकडे बघून हे खूळ सोड आणि घरी जा.

थंडीत जप. रागावले आहे, तरी काळजी वाटते.

तुझी,
जयमालाताई


शिरातानी, नागानो
९ जानेवारी २०१७

ती. जयमालाताईंस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल पोचलं. "तुमचं परत यायचं ठरलंय" हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. कुणी ठरवलं, ताई?

दिवाळीत आमच्याकडे टोकियोतल्या निशी-कसाईची आपली भारतीय मंडळी आणि विनयच्या संस्थेतली बरीच मंडळी जेवायला होती. मी आत पुऱ्या तळत होते. बाहेर टाळ्या वाजल्या. मग शेजारची सलोनी धावत स्वयंपाकघरात आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, काकू, अभिनंदन, मार्चमध्ये पुण्याला चाललात! मला ते असं कळलं. मी उरलेल्या पुऱ्या तळल्या, वाढल्या, सगळ्यांशी हसून बोलले. पाहुणे गेल्यावर विनयला विचारलं तर म्हणाला, ताईशी बोलणं झालंय, तुला सांगणारच होतो.

अकरा सालच्या भूकंपानंतर निम्मं निशी-कसाई रिकामं झालं होतं. जो तो विमानाची तिकिटं शोधत होता. आपण जाणार नाही, हे तेव्हाही विनय दुसऱ्या कुणाला तरी फोनवर सांगत असताना माझ्या कानावर आलं. मी राहिले. पाण्याच्या रांगेत उभी राहिले, धक्के बसत असताना स्वानंदला धीर दिला. राहणं मला पटलंही होतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

बावीस वर्षांत मी इथली भाषा शिकले, कचरा वेगवेगळा करायचे नियम शिकले, गाडी शिकले, कारण त्सुकुबात गाडीशिवाय धड भाजी आणता येत नाही. त्यातलं सगळं आता उपयोगी पडतंय. सकाळी दारासमोरचं बर्फ फावड्याने ओढते, शेगडी पेटवते, नाश्ता मांडते, पाहुण्यांना व्हॅनने डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपाशी सोडते. हो, अंथरुणंही घालते. ओले बूट वाळत घालते. संध्याकाळी लोक थकून येतात, त्यांना गरम केक देते. दुपारी घर माझं एकटीचं असतं. लहान मुलांच्या उतारावर स्कीइंग शिकतेय, पडते, सहा वर्षांची पोरं येऊन मला उठवतात.

शॅलेचे मालक न्यूझीलंडचे नवरा-बायको आहेत. परवा मालकीण म्हणाली, पुढच्या आठवड्यात शाकाहारी कुटुंब येतंय, त्यांचं बुकिंग घेऊ ना, चालेल ना तुला? ताई, चालेल ना, एवढंच. मी आत जाऊन रडले.

आता नानांचं. त्यांना माझं नाव आठवतं, कारण दर उन्हाळ्यात महिनाभर त्यांचं अंग मी पुसते, त्यांना मी भरवते. विनयला नेमकी तेव्हा कॉन्फरन्स असते. वडील तुमचे आहेत, त्याचे आहेत. वरच्या फ्लॅटला रंग दिलात तो घरकामाच्या बाईसाठी दिलात. बाई हवी होती तर तसं म्हणायचं, वहिनी कशाला म्हणायचं?

नानांना नमस्कार. माझं चुकलं असं मला वाटत नाही. तरी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली,
मंजुषा


कोथरूड, पुणे
२१ जानेवारी २०१७

चि. सौ. मंजुषा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. बाईसाठी रंग दिला म्हणतेस? बायका किती ठेवून झाल्या, ऐक. नाना त्यांच्या अंगावर वाटी फेकतात, त्या दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मग मीच आहे. कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या. आई गेल्यापासून हे घर सोडून मी कुठे राहिलेली नाही. सुलेखा, माझी शाळेतली मैत्रीण, दर वर्षी वाईला बोलावते. आता तिने बोलावणंही सोडलं.

अंथरुणं मीही घालते, मंजुषा. ती परक्याची नाहीत एवढाच फरक. तू बर्फात मोकळी झालीस. मी कुठे जाऊन मोकळी होऊ? तुला निदान कुणी तरी विचारलं, चालेल ना म्हणून. मला कोण विचारतं?

स्वानंद फेब्रुवारीत ऑफिसबरोबर तुमच्याच बाजूला स्कीइंगला येतोय म्हणतो. आईला भेट आणि बरोबर घेऊनच जा, असं बजावलंय त्याला. मुलाचं तरी ऐक.

जास्त लिहवत नाही.

जयमालाताई


शिरातानी
३१ जानेवारी २०१७

ती. जयमालाताईंस शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला कुणी विचारत नाही, हे अगदी खरं आहे. तुमचं पत्र वाचून मला तुमच्यावर आला नाही इतका राग त्याच्यावर आला, ज्याने तुम्हालाही विचारलं नाही आणि मलाही. तुम्ही थकला आहात, पण त्यावरचं औषध मी नाही. विनयला बोलवा. नानांसाठी मी येईन, पण त्याच्या बदली येणार नाही.

तब्येतीला सांभाळून असा.

मंजुषा


शिरातानी
१३ फेब्रुवारी २०१७

चि. स्वानंद यास आशीर्वाद.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सुटं सुटं लिहिते आहे. सावकाश वाच. मेसेज पाठवला असता तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास.

शुक्रवारी मी स्टेशनवर ओनोदेरा-सान नावाची पाटी धरून उभी होते. ते तुझे साहेब आहेत, हे मला माहीत नव्हतं. तुमचा घोळका बाहेर आला. मला तू दिसलास आणि मी हात वर केला. तूही मला पाहिलंस. मग तू बाकीच्यांबरोबर वाकलास, अनोळखी माणसाला म्हणतात तसं जपानीत "आमच्याकडे लक्ष असू द्या" म्हणालास आणि व्हॅनमध्ये सगळ्यात मागे जाऊन बसलास.

मी गाडी चालवली. वाटलं, गोंधळला असेल, घरी पोचल्यावर बोलेल. तू बोलला नाहीस. तुझी बॅग मी वर नेली. तुझं अंथरूण मी घातलं. जेवताना त्या चष्मेवाल्या मुलाने गमतीने विचारलं, होस्टबाईही इंडियाच्या आहेत, तुझ्या नात्यातल्या तर नव्हेत? मी तेव्हा तुझ्याच पेल्यात चहा ओतत होते. तू हसलास आणि म्हणालास, इंडिया खूप मोठा आहे. सगळे हसले. चहा सांडला नाही, एवढंच मला जमलं.

तुझ्या बाबांनी मला विचारलं नव्हतं. तू तर मला नाहीसंच केलंस.

रविवारी नाश्त्याला मी काय केलं, ते तुला माहीत आहे. पण ते रागाच्या भरात केलं नाही, हे तुला कळावं. सगळे बसलेले होते. मी मराठीत म्हटलं, "स्वानंद, दूध संपलंय. आतून घेऊन ये." आणि तू उठलास. शाळेत असल्यापासून उठत आलास तसा उठलास, फ्रीज उघडलास, दूध आणून माझ्या हातात दिलंस. मग तुझ्या लक्षात आलं.

ओनोदेरा-साननी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, उभे राहिले आणि मला खूप खाली वाकून नमस्कार केला. दोन दिवस ओळखलं नाही याची माफी मागितली. माफी त्यांनी मागितली, स्वानंद. तू ताटात बघत होतास.

आत्या म्हणते, तू मला घेऊन जाणार होतास. मी येत नाही. मार्चनंतरही कुठे राहायचं, ते माझं मी ठरवेन. तुला लाज कसली वाटते, एवढं शोध आणि मला लिही. मराठीत लिही.

तुझी आई


निशी-कसाई
२२ फेब्रुवारी २०१७

ती. आईला सा. न.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. काही शब्द आत्याला फोन करून विचारले. तिने अर्थ सांगितले आणि मग खूप ओरडली.

मला पण राग आला आहे. तू मला सगळ्यांच्या समोर उघडे केलेस. ऑफिसमध्ये मी आधीच 'इंडियाचा' आहे. मी सगळ्यांना सांगितले होते की माझ्या घरी सगळे शिकलेले आहेत. म्हणजे तू शिकलेली नाहीस असे नाही. मला लिहिता येत नाही नीट. मी चुकीचे केले, हे मला स्टेशनवरच माहीत होते. तरी मी केले. याची लाज वाटते. तुझ्या कामाची वाटत नाही, आता.

ओनोदेरा-सान परत येताना माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी मी सगळ्यांना सांगितले की त्या माझी आई आहेत. ते उशिरा होते.

पुढच्या शनिवारी मी एकटा येतो. खोली आहे का? स्टेशनवर येऊ नकोस. बसने येईन. अंथरूण मी घालेन.

तुझा स्वानंद


कोथरूड, पुणे
१४ मार्च २०१७

चि. सौ. मंजुषा हिस अ. उ. आ.

तुझं छोटं पत्र आलं तेव्हा मी ते उशीखाली सरकवलं आणि आठवडाभर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग स्वानंदचा फोन आला. एकेका शब्दाचा अर्थ विचारत होता. "नाहीसं केलंस" याचा अर्थ त्याला सांगताना माझंच डोकं फिरलं. त्याला झापलं आणि फोन ठेवून लगेच विनयला लावला. म्हटलं, वडील तुझे आहेत, ये. तो म्हणाला, मार्चमध्ये संस्थेत निवृत्तीचा निरोपसमारंभ आहे. मी म्हटलं, नानांना ते माहीत नाही, त्यांना फक्त कुशीवर वळायचं असतं.

तो रजा काढून आला. पहिल्या सकाळी वाटी त्याच्या अंगावर बसली, शर्टभर पेज. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली आणि सुलेखाबरोबर वाईला निघून गेले. दुपारभर घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो. कुणाला जेवायचं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

परत आले तर विनय नानांच्या पायाशी जमिनीवर बसला होता, दाढी वाढलेली. म्हणाला, ताई, मंजुषा हे दर उन्हाळ्यात करायची? मी म्हटलं, करायची, आणि नंतर सगळ्यांसाठी पोळ्याही लाटायची. समारंभापुरता जाऊन तो परत येणार आहे. वरच्या फ्लॅटमध्ये एकटा राहील. नाना त्याला सदानंद म्हणून हाक मारतात, म्हणजे स्वतःच्याच नावाने. तो ओ देतो.

माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. ते बाईचं वाक्य मला अजून टोचतं. खोटं असतं तर इतकं टोचलं नसतं.

तू मालकिणीला उन्हाळ्यासाठीही हो म्हटलंस, हे स्वानंदकडून कळलं. बरं केलंस. विनय समोरच्या टेबलाशी तुला पत्र लिहायला बसलाय. सकाळपासून कागद फाडतोय. मजकूर काय असावा असं त्याने मला विचारलं, मी सांगितलं नाही. ते पत्र आलं की उत्तराची घाई करू नकोस. त्याला थांबू दे. नानांचं आवरून झालं की त्याला थांबायला पुष्कळ वेळ असतो.

राग आणि माया दोन्ही पाठवते आहे, दोन्ही ठेवून घे.

तुझी,
जयमालाताई