पाळ्यांचा प्रोग्रॅम

दादा, आज ऑफिसातल्या जुन्या मशीनवर तुमचा पाण्याच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम चालवून पाहिला. आधी तसाच बंद पडला, काळ्या पडद्यावर तीच ओळ, फाइल सापडत नाही. तारखा लावणारी ती एक फाइल आणून त्याच्या शेजारी ठेवली, आणि पाळ्या सरसर उमटल्या. पाच मिनिटांचं काम. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पिंपळवंडीच्या आपल्या सामाईक विहिरीचे अकरा भागीदार, आणि सगळ्यांच्या पाळ्या तुमच्या डोक्यात. लाइट गेली तर कुणाचे बुडालेले तास कधी भरून द्यायचे, सगळं तोंडपाठ. त्या उन्हाळ्यात मात्र तुम्ही दोनदा विसरलात, एकाचा कांदा वाळला, आणि भागीदार कुजबुजायला लागले. तेव्हा तुम्ही मला पुण्याला फोन केलात. "पोरी, तुज्या कॉम्प्युटरात घाल माजं डोकं. न्हाईतर पाळी सांगायचं काम जाईल माज्याकडनं."

रविवारी डेअरीच्या खोलीत सगळे जमलेत. गावात कॉम्प्युटर तेवढा एकच. तुम्ही धुतलेली टोपी घातलीय. मी फ्लॉपी घालते, कमांड टाइप करते आणि प्रोग्रॅम कोसळतो. ती फाइल माझ्या मशीनवर वर्षानुवर्षं होती, ती वेगळी द्यावी लागते हे डोक्यातच आलं नाही. लोक हसले. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "आख्खी मोटर आणलीस अन् फ्यूज इसरलीस व्हय? काय उपेग एवढं शिकून?" मी चहा न घेता एसटी गाठली. माझ्या माघारी तुम्ही त्यांना म्हणालात, "आठ दिस थांबा राव, पोरगी करती दुरुस्त." हे मला आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर.

आठ दिवसांनी पाळ्या सांगायचं काम दुसऱ्याकडे गेलं. मग कुणाची मोटर सुरू झाली की तुम्ही ओट्यावर बसून घड्याळाकडे बघायचात आणि मान खाली घालायचात. दिवाळीही पाहिली नाहीत.

चूक सापडायला महिना लागला, असं मी सगळ्यांना सांगत आले, आईलासुद्धा. ते खोटं आहे. सोमवारी सकाळी, ऑफिसात पहिला चहा यायच्या आत मला ती दिसली होती. मंगळवारच्या एसटीनं फ्लॉपी पाठवता आली असती. नुसता फोन केला असता तरी भागीदार थांबले असते. पण तुमचं बोलणं झोंबत होतं. म्हटलं, बघू देत थोडी वाट.

हे पत्र आईच्या हाती लागायला नको. पण दादा, मला येत नव्हतं असं नाही. मी मुद्दाम केलं नाही.