कडी आतून नव्हती

प्रिय वकील,

प्रभूमध्ये सलाम. तुझ्या मंडळीत तुला सगळे पाळकसाहेब म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण अंघोळीचं पाणी गरम की कोमट यावरूनसुद्धा तासभर भांडणाऱ्या पोराला घरानं जे नाव दिलं, ते मी या वयात बदलणार नाही. तुझ्या बाबांच्या उपदेशांचं बाड मिळालं. अक्षर मोठं ठेवलंस, माझ्यासारख्यांची सोय पाहिलीस, बरं वाटलं. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात, पण कामाला नाही म्हणत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बाई जाता-येता भाजी आणून देतात आणि त्या बदल्यात माझं डोकं खातात, तेव्हा व्यवहार बरोबरीचाच आहे.

बाड दोनदा वाचलं. टेपवरून उतरवताना तू फार मेहनत घेतलीयस. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही ठिकाणी वाचता वाचता त्यांचा खोकला ऐकू आला. पण छापायच्या परवानगीचा कागद मी सही न करता परत पाठवतेय. कारण तू पहिलाच उपदेश ‘बंद दार’ ठेवलायस. फोनवर हा विषय काढला की ‘आई, नंतर बोलू’ म्हणून तू पळतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून बसले लिहायला.

त्या उपदेशातलं वाक्य तुला पाठ आहे, मला आहे, सगळ्या मंडळीला आहे. ‘दार उघडत नसेल, तर कडी आतून लावलेली असते.’ प्रार्थनेला उत्तर येत नसेल तर देवाकडे बोट दाखवू नका, आपल्या मनात कुठलं पाप, कुठला अविश्वास कडी होऊन बसलाय तो शोधा, असा त्याचा अर्थ. तुझे बाबा ते वाक्य म्हणताना क्षणभर थांबायचे आणि पुलपिटाच्या लाकडावर बोटानं टकटक करायचे. अंगावर काटा यायचा. लोकांनी ते कॅलेंडरवर छापलं, एका पेंटरनं तर हॉलच्या भिंतीवर रंगवलं. मलाही ते आवडायचं. कानाला गोड लागणारी गोष्ट खरीच असेल असं वाटायला वेळ लागत नाही.

तुला घड्याळजी आठवतात का? पोस्टाच्या समोर त्यांचं अरुंद दुकान, भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. त्यांची बायको, म्हणजे आपल्या घड्याळकाकू, गायकमंडळात होत्या. त्यांच्या मुलीला, छकुलीला, लहानपणापासून फिट यायच्या. गावाच्या जिभा काय थांबतात? ‘घरात कडी आहे म्हणून पोरीला आकडी आहे’ असं कुणीतरी बोललं, लोक हसले, आणि ते हसणं फिरत फिरत काकूंच्या कानावर गेलं. तू तेव्हा पाळकाचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत होतास, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस.

काकूंनी कडी शोधायला घेतली. जिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या जावेच्या दारात जाऊन माफी मागितली. शेजारणीची मागितली. शाळेत असताना जिची थट्टा केली होती त्या मैत्रिणीला हुडकून काढलं. माफी मागायला माणसं उरली नाहीत, तरी फिट थांबेनात. मग त्यांच्या मनानं घेतलं, की रोज गोळी द्यायची म्हणजे देवावर भरवसा नाही असंच कबूल करायचं, तेव्हा हीच ती कडी. त्यांनी कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. छकुलीला शाळेच्या जिन्यात फिट आली. हनुवटी फाटली, पुढचा दात गेला, आणि शुद्धीवर यायला इतका वेळ लागला की घड्याळजी दुकान उघडं टाकून धावत सुटले.

तुझे बाबा आणि मी फळांची पिशवी घेऊन दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुम्हाला दिसते, मला दिसत नाही. कुठली कडी ते सांगा, मी आत्ता काढते.” तुझे बाबा तिथूनच मागे फिरले. पिशवी द्यायचीसुद्धा विसरले, ती आमच्याबरोबर घरी परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते शास्त्र उघडून बसले. दुपारी मला हाक मारली, “अगं, हे कडीचं वचन कुठल्या अध्यायात आहे, तुला सापडतं का बघ.” मीही शोधलं. दार आहे, ठोठावणं आहे, उघडणं आहे. आतली कडी कुठंच नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हे वचन नाहीच. हे माझं वाक्य आहे. मी इतक्या वेळा म्हटलं की मलाच ते देवाचं वाटायला लागलं.” मग ते गप्प बसले नाहीत, हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. ते छकुलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि विद्यार्थ्यासारखं विचारलं, की हे असं का होतं? त्या म्हणाल्या, “हिच्या बाबतीत का होतं ते आम्हालाही माहीत नाही. गोळीनं आटोक्यात राहतं एवढं माहीत आहे.” घरी येताना तुझे बाबा रस्ताभर तेच बोलत होते. बाई ‘माहीत नाही’ म्हणाल्या आणि त्यांची खुर्ची काही हलली नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

पंचांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, की मी रविवारी हे वाक्य परत घेणार आहे. मोठे पंच भडकले. “पाळकच डळमळला तर मंडळीनं बघायचं कुणाकडे?” तुझे बाबा म्हणाले, “ख्रिस्ताकडे. माझ्याकडे बघत होती, तिथंच तर घोळ झाला.” आणि रविवारी ते बोलले. त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून टेप झाली नाही. जुनी टेप मात्र चांगली निघाली होती. ती घरोघर फिरत राहिली, आणि आज तिचंच पुस्तक होतंय.

मागच्या महिन्यात हे सांगायला लागले तर तू म्हणालास, “आई, याला पुरावा काय? बाबांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही. तुझं वय झालंय, आठवणी बदलतात.” मला राग आला. संध्याकाळपर्यंत भांडी आपटली, वरच्या बाई खाली येऊन विचारून गेल्या. मग लक्षात आलं, की प्रश्न बरोबर आहे. कित्येक वर्षांनी माझ्या वकिलानं एक सरळ प्रश्न विचारला होता, आणि तो मला विचारला म्हणून मी चिडावं हे काही शोभत नव्हतं. तेव्हा मी छत्री घेतली आणि चौकशीला निघाले.

आधी ऑर्गनवाल्यांकडे गेले. माझ्या आठवणीत त्या दिवशी सगळी मंडळी रडली होती. ते म्हणाले, “कोण रडलं? दोन पंच मधूनच उठून गेले, बाकीचे एकमेकांकडे बघत होते. ती शांतता झाकायला मी गीत लवकर सुरू केलं, त्यावरून पाळकसाहेब मला नंतर रागावले.” मग निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेले. मला ठाम आठवत होतं, की तुझे बाबा ‘मी चुकलो’ म्हणाले. पोस्टमास्तर म्हणाले, “नाही बाई. ते म्हणाले, मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखा बोललो.” ऐकता ऐकता मला त्यांचा तो आवाज पुन्हा आठवला. पोस्टमास्तरच बरोबर होते. माझ्या आठवणीनं त्या दिवसाला इस्त्री केली होती.

शेवटी घड्याळजींच्या घरी गेले. त्या रविवारी काकू दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या, असं मला कायम आठवत आलं होतं. त्या म्हणाल्या, “मी त्या रविवारी आलेच नव्हते. पण आदल्या दिवशी पाळकसाहेब इथं आले होते. म्हणाले, मंडळीला सांगण्याआधी तुम्हाला सांगायला हवं. मी काही लगेच माफ केलं नाही. चहा दिला, कारण घरी आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो.” पुढं कितीतरी वर्षं ते दर आठवड्याला छकुलीबरोबर सोंगट्या खेळायला जायचे. मला वाटायचं आजाऱ्यांच्या भेटी चालल्यात. छकुली आता दुकान सांभाळते. गोळ्या चालू आहेत, तरी अधूनमधून फिट येते. मी तिला विचारलं, तुला त्या सगळ्याचं काय वाटतं? ती घड्याळाचं झाकण बसवत म्हणाली, “आई अजूनही माझ्यासाठी प्रार्थना करते. पूर्वी करताना स्वतःच्या आत काहीतरी शोधत असायची. आता माझ्याकडे बघते.”

आता माझं म्हणणं ऐक. ‘बंद दार’ वगळू नकोस. लपवलं तर तेही खोटंच होईल. पण त्याला लागून दुसरं पान छापायचं, त्या रविवारचं. ते मी लिहून सोबत जोडलंय. कुणाला काय आठवतं, कुठं आमचं जमत नाही, माझं काय चुकीचं निघालं, सगळं त्यात आहे. ते पान आलं तर सही मिळेल, नाहीतर पुस्तक राहील. लोकांचा विश्वास डळमळेल असं तुला वाटतं. इथला नाही डळमळला. चार-दोन घरं मंडळी सोडून गेली, हे खरं. उरलेले लोक त्यानंतर आजाऱ्याच्या घरी जाताना तोंड मिटून जायला शिकले. आणि मी प्रार्थना सोडली असंही समजू नकोस. आपल्या घरात अशी काही दारं उघडली आहेत की ज्यांचा हिशेब मला आजही लागत नाही, आणि काही उघडली नाहीत, त्यांचाही लागत नाही. दोन्हींसाठी मी रोज गुडघे टेकते, ते कितीही कुरकुरले तरी.

तू म्हणशील, एका जुन्या उपदेशापायी आई एवढी का हट्टाला पेटलीय. परवा तू बाहेर गेला होतास तेव्हा सूनबाईचा फोन आला होता. तिला विचारूनच हे लिहितेय. पोटातलं दुसरं बाळही गेल्यापासून तू तुझ्या मंडळीत बाबांचं ते वाक्य सांगत आलायस, तसंच थांबून, तशीच टकटक करून, आणि ती पहिल्या बाकावर बसून ऐकतेय. तुझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. पण तिनं मला फोन करून माफी मागितली. लग्न ठरताना ती माझ्याबद्दल कुणापाशी तरी काही बोलली होती म्हणे, मला त्याचा पत्ताही नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या तिनं अजून केलेल्या नाहीत. आधी स्वतःचं मन साफ करायचं, मग दवाखाना, असं तिनं ठरवलंय, आणि हे तुला सांगायची तिला लाज वाटते. तेव्हा पुस्तक बाजूला ठेव. मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतेय. तिची वेळ मी डॉक्टरांकडे घेऊन ठेवलीय, आपण तिघं जायचं. त्याआधी तुला काय बोलायचंय ते तू तिच्याशी बोल, पुलपिटावरून नाही, स्वयंपाकघरात, खाली बसून. असं का झालं म्हणून तिनं विचारलं, तर ‘मला माहीत नाही’ म्हण, आणि तिचा हात धरून ठेव. मला न्यायला स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा मिळते मला. तू तिच्याजवळ थांब.

तुझीच,
आई