डबीतला घडीचा कागद

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकटीचा शि. सा. नमस्कार. तुझ्या कारखान्यातली, अननसातून काढलेल्या एन्झाइमच्या गोळ्यांची डबी पोचली. तुझ्या भाचीचा, आमच्या टिकलीचा, घसा अजून सुजलेलाच आहे. येत्या बारा तारखेला टॉन्सिल काढायचे ठरलेत. तोवर सूज उतरावी म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी देते. पाच वर्षांची पोर गोळी गिळते कुठली, म्हणून कुटून मधात चाटवते. जिभेला झोंबतं म्हणून भोकाड पसरते, पण नाटकीच आहे, मामावर गेली आहे.

दवाखान्याच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना होता. तिथे मी 'काही नाही' असं लिहिलं. जिच्यावर अननसाचं चित्र आहे ती वस्तू औषध कशी म्हणायची? आता एक द्यावी की अर्धी, तेवढं कळव. तू त्याच कारखान्यातला, तुला नाही विचारायचं तर कुणाला?

तुझी धाकटी

ता. १०

चि. सौ. धाकटीस,

अ. आ. सकाळीच तार केली आहे: गोळी बंद कर, डॉक्टरांना सांग. त्याचा हा खुलासा. तुझं पत्र आज मिळालं आणि किती द्यायची ते बघायला मी डबीतला कागद उलगडला. गेली अकरा वर्षं प्रत्येक डबीत तो कागद आहे की नाही, एवढंच मी तपासतो. आठ घड्या, कोपरे जुळलेले, की पुढची डबी. तो उघडून वाचायचा असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्यात लिहिलंय की ही गोळी मुलांना सुरक्षित आहे का, याची तपासणी झालेली नाही. रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद करावी. कुटू नये, कारण वरचं आवरण पोटात जाईपर्यंत टिकायला हवं. म्हणजे पोरगी नाटक करत नव्हती, तिची जीभ खरंच सोलवटत होती.

डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नकोस. सगळं माझ्या माथी मार. मला फार भीती वाटते आहे गं.

तुझा दादा

ता. १४

ती. दादास,

सा. न. तुझी तार अकराला दुपारी आली, तेव्हा पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ह्यांनी मिनतवारीने रजा मिळवलेली. एवढ्याशा गोळीपायी सगळं मोडायचं का, असं ते म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं. तार पदराखाली धरून अर्धा तास जिन्यावर बसले होते. शेवटी उठले आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावले नाहीत. 'काही नाही'वर त्यांनी रेघ मारली आणि गोळीचं नाव लिहून घेतलं. म्हणाले, बहुधा काही झालंही नसतं, पण घशातल्या जखमेला पट्टी बांधून ठेवता येत नाही, म्हणून थांबू. आता पाच मार्चची तारीख मिळाली आहे. टिकली खुशीत आहे, जीभ बरी झाली. ह्यांचं तोंड मात्र फुगलेलं आहे.

तुझी धाकटी

ता. २२

चि. सौ. धाकटीस,

अ. आ. मी आमच्या खात्यात तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. सहा जणी आपापल्या मुलांना ही गोळी देत होत्या. एकीने तर देताना अर्धी स्वतः खाऊन पाहिली होती. वाचनापायी माझ्या दिवसाच्या डब्या कमी भरल्या म्हणून बोलणी खाल्ली. हे बाहेरच्या बाजूला छापा असं सुचवलं, तर साहेब म्हणाले, बाहेर जागा नाही, तिथे अननस आहे.

पाच तारखेला मी कामावर असेन, पण काम माझ्या हातून होणार नाही. खुशाली लगेच कळव.

तुझा दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,

सा. न. तार मिळाली असेलच, टॉन्सिल निघाले. तारेत न मावलेलं आता लिहिते. पाचव्या दिवशी सकाळी टिकलीच्या तोंडातून रक्त आलं. रिक्षात तिला मांडीवर घेऊन टॉवेल धरून बसले होते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत ते आपोआप थांबलं. खपली निघताना काही मुलांना असं होतंच, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरापूर्वी बंद केलेल्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. गोळी अंगात असती तर किती वेळ वाहिलं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, मुलांवर कुणी तपासून पाहिलेलंच नाही.

एक कबूल करते. रिक्षात सगळा वेळ मी तुला मनातल्या मनात शिव्या घालत होते. गोळी कुटणारा हात माझा, फॉर्मवर 'काही नाही' लिहिणाराही माझाच. पण तेव्हा स्वतःला बोल लावत बसले असते, तर तिला धरायला हातात जोर उरला नसता. म्हणून तुला घातल्या.

लोभ आहेच, तो वाढवायला रविवारी स्वतः ये.

तुझी धाकटी