नथ्थूच्या मनगटाची फिल्म

सोमवार, १२ एप्रिल १९८२. नालवाडी

१. सकाळी दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत पहिल्या पेशंटच्या आधी नथ्थूच्या डाव्या मनगटाची फिल्म काढली. सख्खा भाऊ असला तरी रजिस्टरमध्ये नंबर टाकूनच.
२. फिल्म चांगली आली.
३. मनगटाजवळची वाढीची फट बुजलेली आहे.
४. म्हणजे बहुधा एकोणीस पूर्ण. शाळेच्या दाखल्यावर अठरा.
५. आशियाई युवक फुटबॉल स्पर्धेच्या शिबिराला एकोणिसाच्या आतलाच चालतो. जिल्ह्याच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, एक्स-रेसकट.
६. तो बाहेर बाकावर बसला होता. "झालं?" म्हणाला. "झालं," म्हटलं.
७. फिल्म वाचणारे डॉक्टर गुरुवारी येतात. तोवर ती पाहिलेली मी एकटी.

बाकी दिवस नेहमीसारखा. अकरा पेशंट.

मंगळवार, १३ एप्रिल

नथ्थू काल इथूनच पुलगावला गेला. जाताना डबा विसरला. त्यात पेढे होते, दवाखान्यातल्या लोकांना वाटायला आईने दिलेले. निवडीचं पत्र आल्यापासून घरी पेढे चालूच आहेत. भारताच्या ज्युनियर संघासाठी निवडलेल्या संभाव्य मुलांत पुलगावचा पोरगा. गिरणीच्या गेटवर कुणीतरी खडूने त्याचं नाव लिहिलं आहे म्हणे.

पेढे वाटले नाहीत. वॉर्डबॉयने विचारलं, "मॅडम, काय खुशखबर?" म्हटलं, उन्हाने खराब झाले.

बुधवार, १४ एप्रिल

फिल्म धुण्याच्या डेव्हलपरची टाकी दुपारी एवढी तापते की बोट बुडवलं तर जाणवतं. बर्फ लावला नाही तर फिल्मवर धूर बसतो, सगळं करडं. स्टेशनजवळच्या सरबतवाल्याकडून रोज बर्फ आणून टाकीभोवती लावते. हे माझ्या कामात लिहिलेलं नाही, पण दुसरं कोणी करत नाही.

आज बर्फ फोडताना मनात आलं, एक दिवस आणला नाही तर कोण विचारील.

विचार तिथेच सोडला. लिहून ठेवते, कारण आला होता.

गुरुवार, १५ एप्रिल

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली.

"तुमचा भाऊ ना?"

"हो."

"दाखल्यात अठरा. हाड वेगळं सांगतंय. पण हाडात वर्ष-दोन वर्षं इकडे-तिकडे असतंच. एका फिल्मवर मी कुणाची निवड मोडणार नाही. पुढच्या गुरुवारी मनगट पुन्हा काढा, कोपरही. त्यावरून लिहू." मग चष्मा पुसता पुसता, "फिल्म अस्पष्ट आली तर मला दाखल्याप्रमाणेच लिहावं लागेल. स्पष्ट आली तर स्पष्ट."

एवढं बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. ते भले गृहस्थ आहेत. दार उघडून देतात आणि दुसरीकडे बघतात.

रविवार, १८ एप्रिल. पुलगाव

सकाळच्या पॅसेंजरने आले. नथ्थू मैदानावर होता. घरात बाबा, आई आणि हवालदारकाका.

हवालदारकाका लष्कराच्या डेपोतून निवृत्त झाले. नथ्थू नऊ-दहाचा असताना त्यांनी त्याला जवानांच्या सामन्यात गोलमागे चेंडू आणायला उभं केलं, तिथून आजवर त्यांनीच वाढवला. त्यांना घरात आईच्या भावाचा मान आहे.

मी फिल्मचं सांगितलं. जेवढं दिसलं तेवढंच.

बाबा म्हणाले, "मंग दुसरी काढ."

"दुसरी गुरुवारी काढायचीच आहे. तीही तेच सांगणार."

हवालदारकाका हसले. "बेटी, मैं बताऊँ? दुसऱ्या प्रांतातले पोरं येतात ना कॅम्पमधे, त्याहिले मिशा असतात, मिशा! एकाची तर बायको आलती भेटाले. अन् आपण हाड मोजून राह्यलो."

"ते त्यांचं."

"आपला खेळतो त्याहिच्यापेक्षा चांगला, हे बी त्याहिचंच का?"

तो चांगला खेळतो हे खरं आहे.

आई चुलीशी होती. तिने मागे न बघता विचारलं, "तुले कोनं सांगतलं मोजाले?"



संध्याकाळी

हे नीट लिहून काढते.

नथ्थूच्या आधीचे दोन भाऊ बाळपणीच गेले. म्हणून हा झाला तेव्हा त्याचं नाक टोचलं, मुलीसारखी परकराची फडकी नेसवली, नाव नथ्थू ठेवलं. मुलगी समजून नजर लागू नये म्हणून. जन्माची नोंद केली नाही. आणि आईने घरात नियम केला, त्याचं वय मोजायचं नाही. कुणी विचारलं की "लहान हाय अजून." वाढदिवस नाही, वर्ष नाही. मी एकदा बोटांवर मोजलं होतं, तर तिने माझी बोटं मिटली होती, मारलं नव्हतं.

आई त्याला जवळून हलू द्यायची नाही म्हणून शाळेतही उशिरा घातला. गुरुजींनी विचारलं केवढा, तर आई म्हणाली लहान हाय अजून. गुरुजींनी अंगापिंडावरून वय लावलं आणि दाखल्यावर एक जुलै घातला. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जुलै होता.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही. मोजलंच नाही, एवढंच.

तो झाला तेव्हा मी पहिलीत होते, म्हणजे १९६२ साल. पाटी घेऊन मला दाराबाहेर बसवलं होतं. हे मला आठवतं. हाड नसतं पाहिलं तरी आठवलं असतं. विचारलं नसतं कुणी.

मंगळवार, २० एप्रिल

नथ्थू दुपारी दवाखान्यात आला, न कळवता. बाबांनी सांगितलं असावं. बुटाला मैदानाची माती तशीच.

"दाखव."

"काय?"

"माहं हाड."

खोलीत कुणी नव्हतं. पेटी लावली. तो स्वतःच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. नाकपुडीवरचं टोचलेलं छिद्र अजून दिसतं, उजेडात जास्तच.

"कुठं हाय थे?"

बोट ठेवून दाखवलं. हाड वाढत असतं तोवर इथे काळी फट असते. वाढ संपली की फट बुजते. नुकतीच बुजली असेल तर अशी पांढरी बारीक खूण राहते, शिवणीसारखी.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"इच्यापायी?" हसला. मग हसू थांबलं. "ताई, मी हाओ तरी कितीचा?"

त्याला हा प्रश्न आयुष्यात कधी विचारू दिला गेला नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. पेशंटला वय विचारण्याचं काम मी दिवसातून दहा वेळा करते.

"एकोणीस झाले असतील. वीस नाहीत."

"पक्कं?"

"हाडावरून पक्कं नाही. माझ्या आठवणीवरून पक्कं."

तो स्टुलावर बसला. "कॅम्पमधे सांगतलं होतं, तुहे पाय मोठ्या मानसासारखे हायेत म्हणून. मले वाटलं तारीफ करून राह्यले."

मग हळूच, "गुरुवारी हात हालवला तं?"

"तर फिल्म हलते. खूण दिसत नाही."

"डॉक्टर?"

"दाखल्याप्रमाणे लिहितील."

"अन् तू?"

मी पेटीचा दिवा बंद केला. म्हटलं, उशीर होतोय, पुलगावची गाडी जाईल.

याहून चांगलं उत्तर अजून सुचलेलं नाही.

बुधवार, २१ एप्रिल

झोप नाही. कारण उकाडा.

त्याच्याऐवजी शिबिराला कुणाला बोलावतील हे घरात कुणीच विचारलं नाही. कुठल्या तरी गावी एक मुलगा राखीव यादीत असेल. त्याची आई त्याचं वय मोजत असेल.

पण त्या मुलाला मी ओळखत नाही. याला कडेवर घेतलेलं आहे.

गुरुवार, २२ एप्रिल

बर्फ आणला. नेहमीपेक्षा जास्त. ताज्या डेव्हलपरची टाकी. हे आधीच ठरवून टाकलं, म्हणजे माझ्या बाजूने काही राहू नये.

नथ्थूला टेबलाशी बसवलं. हात प्लेटवर. बोटं सरळ केली. तळवा गार होता. मार्कर लावला, नंबर लावला.

पडद्यामागे गेले. इथून मी प्रत्येक पेशंटला म्हणते, "हलू नका." सवयीने, तोंडातून आपोआप. चार वर्षांत न म्हणता बटण दाबलेलं नाही.

आज म्हटलं नाही.

विसरले नाही. म्हटलं नाही.

बटण दाबलं.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म हळूहळू उमटली. बोटं, तळवा, मनगट. इतकी स्पष्ट फिल्म या उन्हाळ्यात एकही निघालेली नाही. शिवण सुईने काढल्यासारखी.

तो जराही हलला नव्हता.

बाहेर आले. तो शर्टाच्या बाह्या खाली करत होता. म्हणाला, "आली?"

"आली."

त्याने मान हलवली. कोपराची काढली, तीही तशीच. मग तो गेला. नालवाडीला माझ्या खोलीवर चहाला चल म्हटलं, ते त्याने ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म पाहिल्या. "उत्तम काढलीत," म्हणाले. पेनचं टोपण काढलं.

रविवार, २५ एप्रिल

का हलला नाही?

मैदानावरची शिस्त म्हणून? मी हलव म्हटलं नाही म्हणून? हलू नको म्हटलं नाही म्हणून? की त्याने मंगळवारीच ठरवलं होतं आणि मीच काय करते ते बघत होता?

यांपैकी एकच खरं असणार. फिल्मवर दिसत नाही.

गुरुवार, २९ एप्रिल

प्रमाणपत्र गेलं. "एकोणीस पूर्ण, एकवीसच्या आत." डॉक्टरांनी खाली स्वतःहून एक ओळ घातली, की मर्यादा जवळची असल्याने वैद्यकीय मंडळासमोर फेरतपासणी करावी. त्यासाठी नागपूरला सोमवार, १७ मे. उमेदवाराने स्वतः हजर राहावं आणि जन्माबद्दल घरातल्या वडीलधाऱ्याचा जबाब आणावा.

मंडळाला जबाब चालतो. हाड ठाम बोलत नसेल तर जबाबावरच जातं, डॉक्टर म्हणाले.

आई देईल जबाब. "लहान हाय अजून." तिच्या दृष्टीने ते खरंच आहे.

रविवार, २ मे. पुलगाव

नथ्थू घरी नाही. डेपोकडे एका मित्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. दाण्याची चटणी आणि भाकरी बाबा नेऊन देतात. मैदानावर जात नाही. चेंडू घरात आडव्या बांबूला जाळीत टांगलेला आहे, तसाच.

बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. "गाडी किती वाजता हाय तुही?"

हवालदारकाका ओट्यावर बसले होते. यावेळी मिशांची गोष्ट नाही. "बेटी, तू गलत नहीं है," म्हणाले. आणि नंतर, "पर किसी को तो गलत होना था." मग उठून गेले.

आईने ताट वाढलं. समोर बसली. कधी बसत नाही.

"दोन गेले," म्हणाली. "मी कोनालेच मोजू देल्लं नाई. वीस सालं कोनं मोजलं नाई, म्हून थो राह्यला. अन् तुनं मोजलं."

"आई, त्याला काही झालेलं नाही. तो चांगला आहे."

"मंग घरी काऊन नाई?"

जेवले. ताट घासून ठेवलं. गाडी वेळेवर होती.

बुधवार, ५ मे

बावीस पेशंट. त्यात एक बारीक मुलगी, हात मोडलेला, गाईने ढकललेली. "हलू नको गं," म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं.

शनिवार, ८ मे

जबाबाचा विचार करते आहे. आई गेली तर एक वय निघेल, मी गेले तर दुसरं. घरातली वडीलधारी मीही आहे. पाटी घेऊन दाराबाहेर बसले होते, हे सांगणारी दुसरी कुणी नाही.

मी गेले नाही, आणि आईलाच जाऊ दिलं, तर ते बर्फ न आणण्यासारखंच आहे. आणि मी गेले तर मोजणारी पुन्हा मीच.

पण ते मी ठरवायचं नाही. एकदा न बोलता त्याच्यावर टाकलं, ते पुरे. या वेळी विचारून.

रविवार, ९ मे. पुलगाव

नथ्थूला चिठ्ठी लिहिली. बाबा उद्या भाकरीबरोबर देतील. इथे उतरवून ठेवते.

"नथ्थू,

सोमवारी १७ ला नागपूरला मंडळ आहे. तू गेला नाहीस तर विषय इथेच संपतो. गेलास तर जबाब लागेल. आईला नेलंस तर मी मधे येणार नाही. मला नेलंस तर मला जे आठवतं तेच सांगीन, कमी नाही, जास्त नाही. ते तुझ्या विरुद्ध जाईल. तरी मी येईन आणि बाकीचा सगळा वेळ बाहेर बाकावर बसेन.

गुरुवारी २२ ला मी तुला हलू नको म्हटलं नाही. ते विसरून नव्हतं. तू का हलला नाहीस ते मला कळायला हवं असं नाही, पण सांगितलंस तर ऐकेन.

कुणाला नेतोस, की जातच नाहीस, ते गुरुवार, १३ मेपर्यंत कळव. मला रजेचा अर्ज शुक्रवारी द्यावा लागेल.

ताई"